पोलिस-कचेरींतून राष्ट्राच्या राजकारणांत

राज्यकारभाराचीं जीं अनेक अंगें आहेत, त्यांपैकीं पोलिसखातें हें सामान्य माणसाच्या सर्वांत जवळचें अंग होय. मंत्री त्याला आयुष्यांत क्वचितच भेटतो. न्यायाधीशाचें दर्शन न घडावें अशीच त्याची इच्छा असते. परंतु पोलिसाचा शिपाई मात्र त्याला रोज नाक्यावर उभा दिसतो. सरकार न्यायी आहे कीं अन्यायी, हें तो कायद्याचीं पुस्तकें वाचून ठरवीत नाहीं. तो तें त्या शिपायाच्या वागणुकीवरून ठरवितो. असें हें खातें ज्यानें चालविलें, तो मनुष्य पुढें राष्ट्राच्या राजकारणांत उतरला तर तो बरोबर काय घेऊन जातो, आणि त्यानें कोणती गोष्ट कचेरीच्या उंबरठ्यावरच ठेवून जावयास हवी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा प्रश्न आपल्याला परका नाहीं. २०१४ सालीं मुंबईचे पोलिस कमिशनर श्री. सत्यपाल सिंग ह्यांनीं आपल्या पदाचा राजीनामा दिला, व त्याच वर्षीं ते उत्तर प्रदेशांतील बागपत मतदारसंघांतून लोकसभेवर निवडून आले. अशीं उदाहरणें ह्यापुढेंही घडत राहतील. परंतु हयात माणसांच्या कार्याचा हिशेब मांडण्याची वेळ आलेली नसते. म्हणून ज्याचा जमाखर्च इतिहासानें केव्हांच पुरा केला आहे, असें एक दूरचें उदाहरण मी आज घेतों. तें उदाहरण म्हणजे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ह्यांचें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांतले फ्रँकलिन रूझवेल्ट ते हे नव्हेत. हे त्यांचे दूरचे आप्त, आणि त्यांच्या पत्नीचे मात्र सख्खे चुलते.

थिओडोर रूझवेल्ट ह्यांचा जन्म १८५८ सालीं न्यूयॉर्कमधील एका सधन घराण्यांत झाला. गणवेष घालून शिपाईगिरीपासून चढत गेलेले ते अधिकारी नव्हते, हें प्रथमच सांगणें प्रामाणिकपणाचें होईल. तरुणपणीं तीन वर्षें ते आपल्या प्रांताच्या कायदेमंडळांत होते. १८८६ सालीं मेयरच्या निवडणुकींत त्यांचा पराभव झाला. आणि १८८९ पासून सहा वर्षें त्यांनीं वॉशिंग्टन येथें सरकारी नोकऱ्या वशिल्यानें न देतां गुणांवर द्याव्या ह्यासाठीं नेमलेल्या मंडळावर काम केलें. १८९५ च्या मे महिन्यांत, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, न्यूयॉर्कच्या पोलिसमंडळावर त्यांची नेमणूक झाली. हें मंडळ चौघांचें असे, आणि सभासदांनीं त्यांनाच अध्यक्ष निवडलें. त्या खुर्चीवर ते दोन वर्षेंही पुरीं बसले नाहींत. परंतु त्या अल्प काळांत त्यांना जें शिकावयास मिळालें, तें पुढें साडेसात वर्षें एका खंडप्राय देशाचा कारभार करतांना पदोपदीं दिसून आलें.

त्या वेळच्या न्यूयॉर्क पोलिसांची स्थिति काय होती? कुंपणच शेत खात होतें, असें म्हटलें म्हणजे पुरे. १८९४ सालीं सिनेटर लेक्सो ह्यांच्या अध्यक्षतेखालीं एका समितीनें चौकशी केली, आणि तींत जें बाहेर आलें त्यानें सारें शहर थक्क झालें. साध्या शिपायाच्या जागेसाठीं तीनशें डॉलर मोजावे लागत. एका कप्तानानें तर शपथेवर सांगितलें, कीं कप्तानपदासाठीं आपण पंधरा हजार डॉलर दिले. आतां एवढी रक्कम पगारांतून कशी फिटणार? ती फिटे हप्त्यांतून. जुगाराचे अड्डे, कुंटणखाने आणि दारूचे गुत्ते ह्यांच्याकडून दरमहा पैसा येई, आणि त्याचा वांटा वरपर्यंत पोंचे. टॅमनी हॉल ह्या नांवाची जी राजकीय टोळी शहरावर सत्ता गाजवीत होती, तिचा ह्या साऱ्याला आशीर्वाद होता. खात्याचे सर्वोच्च अधिकारी टॉमस बर्न्स हे नामांकित गुप्तपोलिस. परंतु त्यांच्यापाशींही सुमारें साडेतीन लाख डॉलरांची माया जमल्याचें त्या चौकशींत उघड झालें. आपणांस मोठमोठ्या सावकारांनीं शेअरबाजारांत सल्ला दिला, असा त्यांचा खुलासा होता. रूझवेल्ट अध्यक्ष झाल्यावर महिन्याच्या आंतच बर्न्स ह्यांना खातें सोडावें लागलें.

वरचा मनुष्य काढून टाकल्यानें खालचीं माणसें सुधारतातच असें नाहीं. शाळातपासनीस येणार असें आधीं कळलें, म्हणजे त्या दिवशीं सगळ्या वर्गांतील फळे काळे कुळकुळीत असतात, हें आम्हां शिक्षकांना सांगावयास नको. खरी शाळा पाहावयाची तर ती न सांगतां पाहावी लागते. रूझवेल्ट ह्यांनीं हाच मार्ग धरला. १८९५ च्या जून महिन्यांत एके मध्यरात्रीं, टोपी डोळ्यांवर ओढून, एका वार्ताहराला सोबत घेऊन ते पायींच निघाले. नेमून दिलेल्या गस्तीच्या वाटेवर त्यांना शिपाई आढळले थोडे. बाकीचे कोठें दुकानांत बसलेले, कोठें गप्पा मारीत उभे, तर कोठें झोंपलेले. ज्यांना त्यांनीं हटकलें, त्यांतील कित्येकांनीं हा चष्मेवाला चोंबडा कोण म्हणून त्यांनाच दरडावलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं कचेरींत बोलावणें आलें, तेव्हां ओळख पटली. मग वर्तमानपत्रांनीं त्यांना बगदादच्या हारून अल रशीदची उपमा दिली, आणि रात्रीच्या अंधारांत प्रत्येक चष्मेवाल्या इसमाला पाहून शिपाई सावध होऊं लागले.

त्यांच्यासोबत असलेले ते वार्ताहर म्हणजे जेकब रीस. हे मूळचे डेन्मार्कचे. १८७० सालीं ते कफल्लक स्थितींत अमेरिकेला आले. त्या काळीं ज्याला घर नाहीं त्याला पोलिसठाण्याच्या तळघरांत फळ्यांवर रात्र काढतां येई. अशाच एका ठाण्यांत रीस ह्यांचा ऐवज चोरीला गेला; त्यांनीं तक्रार केली तेव्हां त्यांनाच बाहेर काढण्यांत आलें, आणि त्यांच्यामागें आलेलें एक निराधार कुत्रें, त्यांचा तेवढाच सोबती, पोलिसानें पायरीवर आपटून मारलें. पंचवीस वर्षांनंतर त्याच ठाण्यांत उभें राहून त्यांनीं ही हकीकत रूझवेल्ट ह्यांना सांगितली. १८९६ च्या फेब्रुवारींत ते सगळे गलिच्छ तळघर-निवारे बंद झाले. रीस ह्यांच्याबरोबरच रूझवेल्ट गरिबांच्या कोंदट चाळींतून हिंडले. एकेका खोलींत किती माणसें कोंबलेलीं असतात हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें. १८९६ च्या ऑगस्टमध्यें उष्म्याच्या भयंकर लाटेनें शहरांत शेंकडों माणसें दगावलीं, तेव्हां पोलिसठाण्यांतून गरिबांना फुकट बर्फ वांटण्याची व्यवस्था झाली, तींत त्यांनीं पुढाकार घेतला. श्रीमंताच्या घरांत वाढलेल्या ह्या माणसाला दारिद्र्याचा खरा परिचय पोलिसखात्यानें करून दिला.

खात्यांतल्या सुधारणा पुष्कळ झाल्या. भरती व बढती परीक्षेवर होऊं लागली. पिस्तूल नीट चालवितां यावें म्हणून शिक्षण सुरू झालें. सायकलवर गस्त घालणारें पथक निघालें. कचेरींत एका स्त्रीची चिटणीस म्हणून नेमणूक झाली. धर्म किंवा जात पाहून माणूस घ्यावयाचा नाहीं, असा नियम पाळला गेला. ह्या नियमाचें एक मासलेवाईक उदाहरण सांगण्याजोगें आहे. १८९५ च्या डिसेंबरांत जर्मनींतून आल्वार्ट नांवाचा एक ज्यूद्वेष्टा प्रचारक न्यूयॉर्कला व्याख्यानें देण्यासाठीं आला. शहरांतील ज्यू लोकांनीं त्याला बंदी करावी अशी मागणी केली. रूझवेल्ट म्हणाले, बंदी केली तर तो हुतात्मा ठरेल. त्यांनीं त्याच्या संरक्षणासाठीं सुमारें चाळीस पोलिसांचें पथक दिलें, आणि त्यांतला प्रत्येक शिपाई निवडून ज्यू असलेला दिला! ज्यांची तो निंदा करीत होता, त्यांनींच त्याच्या केसालाही धक्का लागूं दिला नाहीं. कायदा सर्वांना सारखा म्हणजे काय, ह्यावर ह्याहून सरस धडा कोणत्याही क्रमिक पुस्तकांत सांपडणार नाहीं.

परंतु, श्रोतेहो, ज्या एका प्रकरणानें रूझवेल्ट ह्यांना पोलिस-कचेरींतून राजकारणाकडे ढकललें, तें प्रकरण ह्याहून निराळें आहे, आणि माझ्या मतें तेंच सर्वांत बोधप्रद आहे. तें प्रकरण रविवारच्या दारूबंदीचें.

न्यूयॉर्क प्रांताच्या कायद्याप्रमाणें रविवारीं गुत्त्यांतून दारू विकण्यास मनाई होती. कायदा जुना होता, आणि तो कोणी पाळीत नसे. तरी तो कोणी रद्दही करीत नसे. कारण त्याचा उपयोग वेगळाच होता. ज्या गुत्तेवाल्यानें हप्ता भरला, त्याचें पुढचें दार रविवारीं बंद असे आणि बाजूचें दार उघडें असे. ज्यानें हप्ता भरला नाहीं किंवा विरुद्ध पक्षाला मत दिलें, त्याच्यावर मात्र तोच कायदा कडक शब्दांत लागू होई. म्हणजे कायदा हा विक्रीचा माल झाला होता, आणि त्याचे दुकानदार होते पोलिस. रूझवेल्ट ह्यांनीं ओळखलें, कीं लांच बंद करावयाची तर हें बाजूचें दार बंद केलें पाहिजे. आणि तें बंद करण्याचा एकच उपाय, तो म्हणजे कायदा सर्वांवर सारखा बजावणें. १८९५ च्या उन्हाळ्यांत त्यांनीं तसें केलें. गुत्तेवाला गरीब असो कीं वजनदार पुढारी असो, रविवारीं टाळें लागलें.

त्याचा परिणाम काय झाला? आठवड्याचे सहा दिवस राबणाऱ्या मजुराला रविवार हा एकच दिवस मोकळा. जर्मन वस्तींतील कुटुंबें त्या दिवशीं बायकामुलांसह बागेंत बसून बिअर पीत. तो त्यांच्या घरचा रिवाज होता. त्यांचा आनंद गेला. श्रीमंताला मात्र आपल्या क्लबांत बसून हवें तें पितां येत होतें. कायदा त्याच्या दारापर्यंत पोंचतच नव्हता. तेव्हां जो कायदा सारखेपणानें बजावला, तो मुळांतच सारखा नव्हता, ही गोष्ट लोकांच्या ध्यानीं आली. शिव्याशाप, धमक्या, निनावी पत्रें ह्यांचा वर्षाव झाला. सप्टेंबर महिन्यांत जर्मन नागरिकांनीं प्रचंड निषेध-मिरवणूक काढली, आणि गंमतीनें रूझवेल्ट ह्यांनाही निमंत्रण धाडलें. ते खरोखरच गेले! व्यासपीठावर उभे राहून आपल्याच निषेधाचे फलक ते हंसत पाहात राहिले. मिरवणुकींतील एका म्हाताऱ्यानें जर्मन भाषेंत, कोठें आहे तो रूझवेल्ट, म्हणून आरोळी दिली, तेव्हां त्यांनीं जर्मनमध्येंच, हा मी येथें आहें, असें उत्तर दिलें, आणि निषेध करणाऱ्यांनींच त्यांचा जयजयकार केला. परंतु जयजयकार आणि मत ह्या दोन वेगळ्या वस्तु आहेत. नोव्हेंबरच्या निवडणुकींत त्यांचा पक्ष शहरांत हरला, आणि टॅमनीचा विजय झाला.

पुढील वर्षीं प्रांताच्या कायदेमंडळानें नवा कायदा केला. ज्या हॉटेलांत दहा खोल्या आहेत तेथें रविवारीं जेवणाबरोबर दारू देतां येईल, असें त्यांत कलम होतें. लगेच गुत्तेवाल्यांनीं माडीवर लांकडी पडदे घालून दहा दहा खोल्या पाडल्या, आणि गुत्त्यांचीं हॉटेलें झालीं. जेवण म्हणून एक शिळें सँडविच मेजावर ठेवावयाचें. तें कोणी खावयाचें नाहीं. एक गिऱ्हाईक उठलें कीं तेंच दुसऱ्यापुढें! आणि त्या रिकाम्या खोल्यांचा उपयोग कशाकरितां होऊं लागला, हें सांगावयास नको. दारू थांबविण्यासाठीं केलेल्या कायद्यानें अनीतीचे नवे अड्डे निर्माण केले.

येथें पोलिस-अधिकाऱ्याची मर्यादा स्पष्ट दिसते. कायदा चांगला असो वा वाईट, तो बजावणें एवढेंच त्याच्या हातीं. डोळ्यांत तेल घालून बजावलेला अडाणी कायदा हा न बजावलेल्या कायद्याइतकाच दुःखदायक होतो. आणि तो बदलावयाचा अधिकार पोलिसाच्या हातीं नाहीं, नसावाही. तो अधिकार कायदे करणाऱ्याचा. त्यांतच मंडळाच्या घटनेमुळें रूझवेल्ट ह्यांचे हात बांधलेले होते. चौघांपैकीं एका सभासदानें वैर धरलें, आणि बढत्या महिनोन् महिने अडकून पडल्या. शेवटीं १८९७ च्या एप्रिलमध्यें त्यांनीं राजीनामा दिला, आणि नवे राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ले ह्यांच्या सरकारांत आरमार-खात्याचे सहायक मंत्री म्हणून ते वॉशिंग्टनला गेले. त्यांनीं घडविलेल्या खात्याचें पुढें काय झालें? १८९८ सालीं टॅमनीच्या हातीं शहर पुन्हां आलें, आणि ज्याच्यावर पूर्वीं लांचेचे आरोप होऊन जो कोर्टांतून सुटला होता, असा डेव्हरी नांवाचा गृहस्थ त्या पोलिसांचा मुख्य झाला. एका प्रामाणिक अधिकाऱ्यानें झाडलेलें अंगण दुसऱ्या दिवशीं पुन्हां घाण होतें, जर घाणीचा उगम वरच्या मजल्यावर असेल तर. पोलिस-अधिकाऱ्याला राजकारणांत जावेंसें वाटतें, त्याच्या मुळाशीं पुष्कळदां हाच अनुभव असतो. केवळ महत्त्वाकांक्षा म्हणून त्याची संभावना करणें बरोबर नाहीं.

ह्यापुढचा इतिहास मी थोडक्यांत सांगतों. १८९८ सालीं स्पेनशीं झालेल्या युद्धांत त्यांनीं स्वयंसेवकांच्या पलटणीचें नेतृत्व केलें. त्याच वर्षीं ते न्यूयॉर्क प्रांताचे गव्हर्नर निवडून आले. त्यांच्या प्रामाणिकपणाचा त्यांच्याच पक्षाच्या सूत्रधाराला त्रास होऊं लागला. तेव्हां सुंठीवांचून खोकला जावा म्हणून त्यानें त्यांना १९०० सालीं उपराष्ट्राध्यक्षपदाच्या निरुपद्रवी खुर्चीवर पाठविण्याची खटपट केली. १९०१ च्या सप्टेंबरांत मॅकिन्ले ह्यांचा खून झाला, आणि वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षीं रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले.

आतां आपल्या मूळ प्रश्नाकडे वळूं. पोलिस-कचेरींतून त्यांनीं बरोबर काय नेलें?

एक तर बाजूच्या दाराची ओळख नेली. १९०२ सालीं त्यांच्या सरकारनें रेल्वेच्या एका बलाढ्य मक्तेदार संघाविरुद्ध खटला भरला. त्यामागें मॉर्गन हे त्या काळचे सर्वांत प्रबळ सावकार होते. आमच्या हातून कांहीं चूक झाली असेल, तर तुमच्या आणि आमच्या वकिलांनीं बसून ती मिटवावी, अशी मॉर्गन ह्यांची अपेक्षा होती. रूझवेल्ट ह्यांनीं ती मानली नाहीं. गुत्तेवाल्यासाठीं जें बाजूचें दार बंद केलें, तें कोट्यधीशासाठीं कसें उघडावयाचें? १९०४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं सरकारच्या बाजूनें निकाल दिला. दुसरें म्हणजे, स्वतः जाऊन पाहण्याची संवय नेली. १९०६ सालीं शिकागोच्या खाटिकखान्यांतील किळसवाण्या कारभारावर अप्टन सिंक्लेअर ह्यांची कादंबरी प्रसिद्ध झाली. रूझवेल्ट ह्यांनीं केवळ कादंबरीवर विश्वास ठेवला नाहीं, किंवा कारखानदारांच्या खुलाशावरही ठेवला नाहीं. आपलीं माणसें पाठवून त्यांनीं प्रत्यक्ष पाहणी करविली, आणि त्याच वर्षीं ३० जून रोजीं मांसाची तपासणी व अन्न-औषधांची शुद्धता ह्यांविषयींच्या दोन कायद्यांवर त्यांची सही झाली. पोलिस असतांना कायदा बजावणें एवढेंच हातीं होतें; आतां तो घडवितांही आला.

परंतु नाण्याला दुसरी बाजू आहे, आणि ती झांकून ठेवणें इतिहासाशीं द्रोह करण्यासारखें होईल.

१९०६ च्या ऑगस्टमध्यें टेक्सास प्रांतांतील ब्राउन्सव्हिल ह्या गांवीं मध्यरात्रीं गोळीबार झाला. त्यांत एक मद्यविक्रेता मेला आणि एक पोलिस-अधिकारी जखमी झाला. गांवाशेजारीं काळ्या सैनिकांची पलटण उतरली होती; गांवच्या गोऱ्या लोकांनीं तिच्यावर आळ घेतला. पलटणीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनीं आमचे शिपाई त्या वेळीं बराकींतच होते असें सांगितलें. कोणावरही गुन्हा शाबीत झाला नाहीं. गुन्हेगारांचीं नांवें सांगा म्हणून सैनिकांना दटावण्यांत आलें. त्यांनीं आम्हांला कांहीं ठाऊक नाहीं असेंच उत्तर दिलें. तेव्हां हे सारे संगनमतानें मौन धरून बसले आहेत असें गृहीत धरून रूझवेल्ट ह्यांनीं एकशें सदुसष्ट सैनिकांना एका हुकुमासरशीं सन्मानाविना बडतर्फ केलें. खटला नाहीं, साक्षीपुरावा नाहीं, बचावाची संधि नाहीं. त्यांत वीस वीस वर्षें इमानानें चाकरी केलेलीं माणसें होतीं. त्यांचें निवृत्तिवेतनही गेलें. ओहायोचे सिनेटर फोरेकर ह्यांनीं कितीही आवाज उठविला तरी रूझवेल्ट मुद्द्यावरून हलले नाहींत. पुढें १९७२ सालीं अमेरिकेच्या लष्करानें तो हुकूम फिरविला आणि त्या सर्वांना सन्मान परत दिला. परंतु तोंपर्यंत सहासष्ट वर्षें लोटलीं होतीं, आणि त्यांतले एकदोघेच हयात होते.

श्रोतेहो, हा तोच मनुष्य आहे, ज्यानें ज्यू शिपायांच्या पहाऱ्यांत ज्यूद्वेष्ट्याला बोलूं दिलें! मग हें घडलें कसें? माणूस बदलला काय? त्या काळच्या गोऱ्या समाजांतील वर्णद्वेषाचा वांटा ह्यांत आहेच; तो नाकारतां येणार नाहीं. परंतु आणखी एक कारण मला दिसतें. न्यूयॉर्कच्या पोलिस-कचेरींत ज्या शिपायावर ठपका येई, त्याची मंडळासमोर रीतसर चौकशी होत असे. रूझवेल्ट स्वतः अशा चौकशा चालवीत. शिपायाला आपली बाजू मांडतां येई, आणि मंडळानें अन्यायानें काढलें तर त्याला कोर्टांत दाद मागतां येई. कोर्टानें परत पाठविलेल्या शिपायांविषयीं रूझवेल्ट चरफडत, पण त्यांना घ्यावें लागे. ब्राउन्सव्हिलच्या वेळीं ते सेनापति होते. त्यांचा हात धरणारें कोणी नव्हतें. पोलिसाचा संशय तेवढा त्यांच्यापाशीं राहिला, आणि पोलिसावरचा अंकुश गळून पडला. गुन्हेगार शोधून काढणें हें पोलिसाचें काम, पण गुन्हेगार ठरविणें हें त्याचें काम नव्हे. हा भेद ज्या दिवशीं पुसला जातो, त्या दिवशीं शूर आणि प्रामाणिक माणसाच्या हातूनही मोठा अन्याय घडतो.

अमेरिकेच्या काँग्रेसला ह्या धोक्याची जाणीव नव्हती असें नाहीं. १९०८ सालीं खजिना-खात्याचे गुप्तहेर न्यायखात्याला वापरतां येऊं नयेत, असा निर्बंध तिनें घातला. सरकारी हेरांचें जाळें पसरेल अशी भीति कित्येक सभासदांनीं बोलून दाखविली. परंतु काँग्रेसचें अधिवेशन संपल्यावर, त्याच वर्षीं २६ जुलै रोजीं, रूझवेल्ट ह्यांचे न्यायमंत्री बोनापार्ट ह्यांनीं न्यायखात्यांतच चौतीस जणांचें स्वतंत्र तपासपथक उभारलें. तेंच पुढें वाढत जाऊन १९३५ सालीं फेडरल ब्यूरो ऑफ इन्व्हेस्टिगेशन ह्या नांवानें जगप्रसिद्ध झालें. त्या संस्थेनें गुन्हेगारांचा बंदोबस्त केला, आणि निरपराध नागरिकांवर पाळतही ठेवली. दोन्ही गोष्टी इतिहासांत नमूद आहेत. पेरणाऱ्याच्या मनांत काय होतें ह्यापेक्षां कुंपण कोणी घातलें, ह्यावर पीक अवलंबून असतें.

मग ह्यावरून पोलिस-अधिकाऱ्यानें राजकारणांत जाऊंच नये असें ठरतें काय? मला तसें वाटत नाहीं. वकील जातात, शिक्षक जातात, व्यापारी जातात. मग ज्यानें समाजाची काळी बाजू रोज डोळ्यांनीं पाहिली, त्यालाच बंदी कां? उलट कायदा कागदावर कसा दिसतो आणि नाक्यावर कसा वागतो, ह्यांतील अंतर त्याच्याइतकें कोणास ठाऊक असणार? परंतु तो ज्या जगांतून येतो तें हुकुमाचें जग आहे. तेथें वरिष्ठानें सांगावें आणि कनिष्ठानें सलाम करावा. लोकशाहीचें राजकारण हें प्रश्नोत्तराचें जग आहे. तेथें अत्यंत सामान्य मतदारालाही प्रश्न विचारण्याचा हक्क असतो, आणि अत्यंत मोठ्या पुढाऱ्यालाही उत्तर देण्याचें बंधन असतें. ह्या दुसऱ्या जगाचे रीतिरिवाज जो शिकला, त्याच्या पोलिसी अनुभवाचें सोनें होतें; जो शिकला नाहीं, त्याच्या हातीं राष्ट्र म्हणजे एक मोठें पोलिसठाणें होऊन बसतें.

म्हणून असा उमेदवार मत मागावयास आला, तर त्यानें किती गुन्हेगार पकडले एवढेंच विचारून थांबूं नये. हातीं अधिकार असतांना त्यानें बाजूचें दार सर्वांना सारखेंच बंद ठेवलें काय, हें विचारावें. आणि ज्याच्यावर त्याचा संशय होता, त्याचें म्हणणें त्यानें पुरें ऐकून घेतलें काय, हेंही विचारावें. पहिल्या प्रश्नाचें उत्तर रूझवेल्ट मान ताठ ठेवून देऊं शकले असते. दुसऱ्याचें उत्तर ब्राउन्सव्हिलच्या एकशें सदुसष्ट सैनिकांना विचारावें लागेल.